अठ्ठावीस-दीडचा टायर

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत शिरावे आणि सायकल दुरुस्तीच्या एखाद्या दुकानापाशी दहा मिनिटे उभे राहावे. "उस्ताद, मागचं पंक्चर काढा आणि पुढच्यात हवा मारा," असे एक गिऱ्हाईक सांगते. दुसरे विचारते, "अठ्ठावीस-दीडचा टायर आहे का?" घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणारा कारागीर मान वर न करता म्हणतो, "टायर हाय, पण तुमची वालट्यूब बी गेली अन् एक्सलचे छर्रे बी बदलावे लागतील."

एवढ्या बोलण्यात किती देश येऊन गेले ते पाहा. 'उस्ताद' फारसी. 'हवा' मूळची अरबी. 'दुकान'ही अरबी, आपल्याकडे आले ते फारसीच्या हाताने. 'टायर', 'ट्यूब', 'एक्सल' इंग्रजी. 'पंक्चर'ही इंग्रजी, पण त्याच्या मुळाशी टोचणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. 'दीड' मात्र अस्सल आपला. आणि 'अठ्ठावीस' कसले? ते इंच आहेत. गिऱ्हाइकाने इंच हा शब्द उच्चारला नाही, कारागिराने विचारला नाही. दोघांनाही ठाऊक होते.

भारताने 1956 साली वजन-मापांचा कायदा केला आणि ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत आणली. शेर गेले, मण गेले, गज गेले. आज आपण कापड मीटरने घेतो, दूध लिटरने आणि रस्ता किलोमीटरने मोजतो. सायकलचा टायर मात्र इंचानेच मागतो. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात दिवसभर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा कामगार संध्याकाळी इंचांच्या सायकलवरून घरी येतो. शब्दांचे रूप बदलले, माप मात्र जागेवरून हलले नाही. असे का झाले, हे समजून घेण्याजोगे आहे.

पायडलमध्ये पाय

आधी शब्दांचे पाहू. सायकल आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली तेव्हा तिला 'पायगाडी' असे छान मराठी नाव मिळाले होते. पुढे 'दुचाकी' आले. पायगाडी विस्मरणात गेली. दुचाकी टिकली, पण आज वर्तमानपत्रात 'दुचाकीस्वार' वाचला की डोळ्यांपुढे मोटारसायकल येते. पायाने चालवायच्या वाहनाला लोकांनी 'सायकल'च म्हटले.

हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. 'सायकल'च्या मुळाशी ग्रीक 'कुक्लोस' आहे, म्हणजे वर्तुळ, चाक. हा कुक्लोस आणि संस्कृत 'चक्र' एकाच आदिम भारोपीय शब्दापासून निघाले, असे भाषाशास्त्र सांगते. चक्रापासून आपले 'चाक' झाले आणि 'चक्की'ही, जी या शहराच्या पाणचक्कीत आहे. 'चरखा' आला फारसी 'चर्ख'पासून. तोही त्याच कुळातला. म्हणजे सायकल आणि तिचे चाक ही हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली भावंडे आहेत.

'एक्सल'चेही तसेच. संस्कृत 'अक्ष' त्याचा सख्खा नातेवाईक. अक्षापासून बैलगाडीचा 'आख' आला. गाडीचा आख आणि सायकलचा एक्सल हा एकच शब्द दोन वाटांनी आपल्या दारात आला आहे.

सर्वांत सुंदर गोष्ट 'पायडल'ची. इंग्रजी शब्द 'पेडल'. मराठी माणसाने ते ऐकले आणि पायाने मारायचे म्हणून त्याला नकळत 'पायडल' केले. शिकलेली मंडळी हा उच्चार दुरुस्त करू पाहतात. पण 'पेडल'च्या मुळाशी असलेला लॅटिन 'पेस, पेदिस' म्हणजे पायच, आणि तो संस्कृत 'पाद'चा, म्हणून मराठी 'पाय'चाही आप्त आहे. शाळेची पायरी न चढलेल्या कारागिराने त्या शब्दात जो पाय घातला, तो तिथे आधीपासून होताच.

अशी घडण नेहमी मुळाशी जाऊन पोहोचते असे नाही, पण ती अर्थ मात्र शोधतेच. सायकल पूर्ण खोलून, साफ करून, पुन्हा जोडण्याला इंग्रजीत 'ओव्हरहॉल' म्हणतात. आपल्याकडे कित्येक दुकानांत त्याचे 'ओव्हरऑयलिंग' झाले. सायकल खोलली की प्रत्येक सांध्यात तेल आणि गिरीस जाते, मग ते ऑयलिंग नाही तर काय? 'वॉशर'चा 'वायसर' झाला, 'मडगार्ड'चा 'मडगाड' झाला, आणि जिभेला सोपे झाल्यावर ते शब्द इथलेच झाले.

काढणे, मारणे, पडणे

शब्द आपला झाला की नाही याची खरी परीक्षा व्याकरणात होते. 'सायकल' मराठीत येताच स्त्रीलिंगी झाली: ती सायकल, त्या सायकली, सायकलीवर. ब्रेक तो, चेन ती, हँडल ते. इंग्रजीत या वस्तूंना लिंगभेद नाही. मराठीने प्रत्येकीला घरात घेताना तिचे नाते ठरवले, आणि या नात्यांबद्दल नाशिक-नांदेडच्या लोकांत फारसा वाद होत नाही.

नाम बाहेरचे असले तरी क्रियापद मराठीच राहिले. मराठी माणूस पंक्चर 'काढतो'. हिंदी आणि दखनी बोलणारा त्याच दुकानात पंचर 'बनवतो'. आपल्याला काटा काढायची, मोड काढायची, वाट काढायची सवय. म्हणून पंक्चरही काढायचे आणि वाकड्या झालेल्या रिमचा 'आउट'ही काढायचा. पायडल मारायचे, हवा मारायची, ब्रेक मारायचा. चेन मात्र 'पडते'. घरात 'साखळी' हा चांगला शब्द असताना चेन का घेतली, असे कोणी विचारील. लोकांनी कामाची वाटणी केली: साखळी दाराला आणि चेन सायकलीला. जिथे आपला शब्द नेमका बसला तिथे तो त्यांनी सोडला नाही. पुढचे चाक धरणारा तो 'चिमटा', सीटपासून हँडलपर्यंत जाते ती 'दांडी', स्पोक म्हणजे 'तारा', नटबोल्टच्या वळ्या म्हणजे 'आटे'. चिमटा म्हटले की तो भाग कसा दिसतो ते मुलालाही कळते.

मराठवाड्याचा थर

पुण्या-मुंबईच्या सायकलीच्या बोलीत इंग्रजीचा थर जाड आहे. आमच्या शहरात त्याखाली आणखी एक थर आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, बाजाराची भाषा मराठी आणि दखनी. हातात पडणारा रुपयाही वेगळा: संस्थानचा 'हाली' आणि इंग्रजांचा 'कलदार', सात हालींना साधारण सहा कलदार. दोन नाण्यांचा हिशेब तोंडी करणाऱ्या बाजाराला दोन-तीन भाषांचे शब्द एका वाक्यात घेणे जड नव्हते. म्हणून इथला सायकल दुरुस्त करणारा 'उस्ताद' असतो, नाहीतर 'मिस्त्री' असतो. मिस्त्री, मेस्त्री हा पोर्तुगीज 'मेस्त्र'चा वंशज, म्हणजे पुन्हा उस्तादच. कुलपाची 'चावी' पोर्तुगीज, 'पेच' आणि 'पेचकस' फारसी.

लहानपणी दांडीवरून पाय पलीकडे टाकण्याइतकी उंची नसे, तेव्हा दांडीखालच्या त्रिकोणातून पाय घालून आम्ही सायकल चालवायचो. कुठे त्याला 'हाफ पायडल' म्हणत, आमच्याकडे 'कैंची'. कैंची हा तुर्की शब्द. फारसीबरोबर तो दख्खनमध्ये आला, शिंप्याच्या हातात बसला आणि तिथून पोरांच्या सायकलीत शिरला. सायकल तासाच्या भाड्याने आणलेली असे, आणि 'तास'ही बाहेरचाच: धातूचे भांडे, थाळी या अर्थाचा अरबी-फारसी शब्द. वेळ झाली की थाळीवर टोला पडे; त्या थाळीचे नाव वेळेला मिळाले.

भाडे चार आण्यांत सांगितले जाई. 1 एप्रिल 1957 पासून नाणी दशमान झाली, कागदावर आणे संपले, तरी पंचवीस पैशांना लोक चार आणेच म्हणत राहिले. 30 जून 2011 नंतर ते नाणे चलनातून गेले आणि ते बोलणेही विरत गेले. इंचाचे मात्र तसे झाले नाही.

वाकत नाही तो आटा

चार आणे हे नुसते नाव होते. पंचवीस पैसे म्हटले तरी नाणे तेच. इंच हा लोखंडात कापलेला आहे.

सायकलीचे तंत्र स्थिर झाले ते इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्री, नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅम या शहरांत. 1885 साली जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन जोडलेली 'रोव्हर' सायकल आणली. त्याआधी 1880 साली मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्डने रोलर चेन तयार केली होती. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलपने हवेचा टायर केला. 'बीएसए' या आपल्या ओळखीच्या नावाचा अर्थ बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. बंदुका करणाऱ्या कारखान्याने तीच अचूकता सायकलीत आणली. हे सगळे लोक इंचात मोजत होते. त्यांची सायकल आपल्याकडे आली, मग मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना इथे आपल्या सायकली बनू लागल्या, त्याही त्याच मापांनी.

एका कड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत चेनचे अंतर अर्धा इंच असते. आपल्या सुतार-लोहारांच्या भाषेत चार सूत, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काळ्या सायकलीची चेन असो की लाखो रुपयांच्या कार्बनच्या सायकलीची, जगभर हेच अर्धा इंच. 1970च्या दशकात जपानच्या शिमानो कंपनीने 10 मिलिमीटरची चेन काढून पाहिली. ती हलकी होती, नीट चालत होती. पण जुने एकही दातेरी चाक तिला चालत नव्हते, आणि ती मागे पडली. पायडलचा आटा 9/16 इंचाचा, एका इंचात वीस फेरे, तोही जवळजवळ जगभर सारखा. त्यात डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, नाहीतर पाय मारता मारता ते सुटून येईल. आजच्या नव्या सायकलींतही पायडलच्या कण्याची जागा अनेकदा 'बीएसए' आट्याची असते: 1.37 इंच.

शब्द एकट्याने जगू शकतो. पेडलचा पायडल केला म्हणून कोणाचे अडत नाही. आटा एकटा जगत नाही. तो दुसऱ्या आट्यात बसावा लागतो. एका टोकाला बदल केला की जगभरातले दुसरे टोक निकामी होते. म्हणूनच कायदा झाला, तराजू बदलले, मैलाचे दगड बदलले, आणि सायकलीतला इंच राहिला.

एकच इंच, अनेक अर्थ

आता अठ्ठावीस-दीडकडे येऊ. टायरवर 28 × 1½ लिहिलेले असते: हवा भरलेल्या चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे 28 इंच आणि टायरची जाडी दीड इंच. पाव, सव्वा, दीड, पावणेदोन असे सुटसुटीत शब्द आपल्याकडे आधीपासून होते, म्हणून इंग्रजांचे हे अपूर्णांक मराठी तोंडात सहज बसले.

पण याच इंचाने गिऱ्हाइकाची फसगतही होते. 'बावीस इंची' किंवा 'चोवीस इंची' काळी सायकल म्हटले की ते माप चाकाचे नसते, सीटखालच्या उभ्या नळीचे असते. चाक दोन्हींचे अठ्ठावीसच. मुलांच्या 'वीस इंची' किंवा 'चोवीस इंची' सायकलीत मात्र तोच आकडा चाकाचा. म्हणून आजोबांची बावीस इंची सायकल नातवाच्या चोवीस इंचीपेक्षा कितीतरी मोठी असते.

त्याहून मोठा घोटाळा 'सव्वीस'चा आहे. बायकांच्या जुन्या सायकलींना 26 × 1⅜ टायर लागतो. त्याची रिमवर बसणारी कड 590 मिलिमीटर व्यासाची. जाड टायरच्या डोंगरी सायकलींना 26 × 1.95 वगैरे लागतो. त्याची कड 559 मिलिमीटर. दोन्ही सव्वीसच, पण एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. गणितात 1⅜ आणि 1.375 सारखे, टायरच्या बाबतीत अपूर्णांकात लिहिलेला आकार आणि दशांशात लिहिलेला आकार वेगळे धरावेत, हा जाणत्या कारागिरांचा नियम आहे.

फ्रान्सची पद्धत आणखी वेगळी. ते बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात, 700 किंवा 650, आणि पुढे टायरच्या जाडीनुसार ए, बी, सी अक्षर लावतात. आज शर्यतीच्या सायकलींवर दिसणारे '700 सी' तिथलेच. त्याची कड 622 मिलिमीटर. बाजारात 'एकोणतीस' म्हणून ऐटीत विकल्या जाणाऱ्या डोंगरी सायकलीची कडही नेमकी 622. आणि आपला अठ्ठावीस-दीड? त्याची कड 635 मिलिमीटर, म्हणजे फ्रेंचांचा '700 बी'. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीची रिम आजच्या एकोणतीसपेक्षा मोठी आहे. नवा टायर जाड असतो म्हणून त्याचा बाहेरचा व्यास वाढतो, इतकेच.

या गोंधळातून सुटायची वाट टायरच्या बाजूवरच छापलेली असते. 40-635 असा दोन भागांचा आकडा शोधा. पहिला टायरची रुंदी सांगतो, दुसरा कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला तर टायर रिमवर बसेल.

तारांचे माप तर उलटेच चालते. 13 गेजची तार 14 गेजपेक्षा जाड. तार एकेका लहान भोकातून ओढून बारीक करत. जितकी जास्त ओढली, तितका गेजचा आकडा मोठा आणि तार पातळ.

अंगठ्याचे माप

हवेची गोष्ट निराळी. गाड्यांच्या पंपावर हवा 'पौंडां'त मोजतात: एका चौरस इंचावर किती पौंडांचा दाब. युरोपात 'बार' वापरतात. 50 पौंड म्हणजे सुमारे साडेतीन बार. पौंडाला मराठीत पूर्वी 'रत्तल' म्हणत. हा शब्द अरबी 'रत्ल'मधून आला, आणि रत्लाचे मूळ ग्रीक 'लित्रा'त मानतात. त्याच लित्रापासून फ्रेंचांनी 'लिटर' घडवला. जुना रत्तल घालवून आपण नवा लिटर आणला, तो त्याच घरातला निघाला.

मात्र आपल्या साध्या सायकलीच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, त्यात रबराची बारीक वालट्यूब असते. तिच्यातून हवा आत जाते, बाहेर येत नाही, त्यामुळे नेहमीच्या मीटरने दाब मोजताच येत नाही. म्हणून कारागीर टायर अंगठ्याने दाबून पाहतो. अनेक वर्षांच्या हाताने तयार झालेले ते माप आहे आणि साध्या सायकलीला ते पुरते.

जुना मैल, नवे फ्रेंच शब्द

अंतराच्या शब्दांतही अशीच ये-जा झाली. 'मैल' लॅटिन 'मिल्ले'पासून, म्हणजे हजार. रोमन सैनिकांची हजार दुहेरी पावले. 'किलो' ग्रीक, त्याचाही अर्थ हजारच. मीटर या शहरात कायद्याच्या कितीतरी आधी रुळांवरून आला होता. 1900च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे इथे, तेव्हाच्या औरंगाबादला, पोहोचली, ती मीटर गेजची होती. एक मीटर अंतराच्या रुळांवरून आलेल्या डब्यांतून इंचांच्या सायकली उतरल्या असतील. आज दौलताबादचा किल्ला सुमारे 15 किलोमीटर, वेरूळ सुमारे 30, असे आपण सहज म्हणतो. खुणेच्या दगडाला मात्र अजून मैलाचाच दगड म्हणतो.

नव्या सायकलस्वारांच्या तोंडी आता फ्रेंच शब्द आले आहेत. 'डिरेलर' म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग. शब्दाचा अर्थ रुळावरून उतरवणारा. 'बीआरएम' ही फ्रान्समधून आलेली लांब पल्ल्याची चाचणी: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. अजिंठ्यापर्यंत जाऊन परत आले की साधारण 200 होतात. आपली मुले 'बीआरएम मारली' असे म्हणतात. पायडल मारणाऱ्या भाषेने नव्या शब्दालाही तेच क्रियापद लावले.

एक वही हवी

या शहराला शब्द जमवण्याची परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे काम औरंगाबादेतून सुरू केले आणि पुढची वीसहून अधिक वर्षे ते इथून चालले. विज्ञानाच्या परिभाषेचा कोश या संस्थेने काढला. पुढे दिल्लीला गेल्यावर तिने निरनिराळ्या धंद्यांतल्या कारागिरांच्या शब्दांचा कोशही अनेक खंडांत प्रसिद्ध केला. विद्वानांनी हातोडी-कानस चालवणाऱ्यांचे शब्द ग्रंथात घेण्याजोगे मानले, ही मोठी गोष्ट आहे.

मराठीतल्या सायकलीच्या बोलीसाठी तसे काम व्हायला हवे, आणि आताच. भाड्याच्या सायकलींची दुकाने जवळजवळ संपली. वालट्यूब, कैंची, चार सूत हे शब्द जाणणारे कारागीर म्हातारे झाले. गेअरच्या सायकलींबरोबर नवे शब्द येत आहेत. त्यांचे स्वागत आहे. पण जुने शब्द वापरणारा माणूस गेला की ते परत येत नाहीत.

पुढच्या वेळी पंक्चर काढायला बसाल तेव्हा दोन गोष्टी करा. टायरच्या बाजूवरचा मिलिमीटरचा आकडा वाचून लिहून ठेवा, पैसे वाचतील. आणि उस्तादाला एकेका भागाचे नाव विचारा. तो जे नाव सांगेल ते दुरुस्त न करता, त्याच्याच उच्चारात, वहीत उतरवून घ्या.